पळून आलेल्यांच्या गावी मी जेवलो नाही

सन दोन हजार चोवीस. माझं वय अठ्ठ्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत झाली आणि मग पाठीवर जे पोतं आलं, ते पुण्याच्या मार्केट यार्डातून म्हातारा होऊन बाहेर पडेपर्यंत उतरलं नाही. तेव्हा या लिहिण्यात कुठं वेलांटी चुकली तर तेवढी सांभाळून घ्या. कॅनडाहून आल्यापासून यार्डातली जुनी मंडळी विचारतात, "काय काय पाहिलं?" त्यांना वाटतं, हा आता मोठा धबधबा सांगणार. धबधबा पाहिला. पाणी वरून खाली पडतं. सांगण्यासारखं आहे ते दुसरंच.

मी गेलो नातीसाठी. माझा मुलगा सतीश किचनर नावाच्या शहरात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, त्याची ही एकुलती एक मुलगी, मानसी. जन्म तिकडचाच. मराठी समजतं सगळं, बोलताना मात्र निम्म्या वाटेवर इंग्रजीत शिरते. तिनं स्वतःचं लग्न स्वतःच ठरवलं. मुलाचं नाव मार्कस. शाळेत मास्तर आहे. काळा आहे, म्हणजे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या वंशातला. भावकीतल्या एकानं मला फोनवर विचारलं, "काळा आहे म्हणे पोरगा?" म्हटलं, "आरशात बघ आणि मग बोल." त्यानं फोन ठेवला.

मार्कसला त्याच्या आजीनं वाढवलं. हेझल तिचं नाव. तिचं गाव चॅटम शहराच्या पुढं, शेतांच्या मधोमध. तिथं दर ऑगस्टात मेळावा भरतो. गावातून कामाधंद्याला बाहेर गेलेले सगळे पोराबाळांसकट परत येतात, शनिवारी एकत्र जेवण होतं, रविवारी चर्च. आणि त्या रविवारी प्रत्येक घरातलं सगळ्यात थोरलं माणूस उभं राहून आपल्या घरात वर्षभरात जे नवं माणूस आलं त्याचं नाव मोठ्यानं घेतं. तान्हं मूल असो, ठरलेली सून असो, नाव घेतलं की ते माणूस घरातलं. ही चाल त्यांच्या पणज्यांच्या आधीपासूनची. यंदा मानसीचं नाव घ्यायचं होतं. पण हेझलबाई म्हणाल्या, "आधी त्या मुलीच्या घरातलं थोरलं माणूस मला दाखवा."

मी सतीशला फोनवर सांगितलं, "आपल्यात मुलाकडच्यांनी आधी मुलीच्या दारात यायचं असतं."

मानसीनं फोन हिसकावून घेतला. "आबा, शी इज एटी-एट. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. ती पुण्याला कशी येणार?"

म्हटलं, बरं. एक पायरी मी उतरतो. पण माझी अट सांगून ठेवतो: लेक ज्या घरात द्यायची त्या घरचं अन्नपाणी मी घेणार नाही, तिला मूल होईपर्यंत. माझ्या बापानं हेच केलं. माझी बहीण बार्शीला दिली होती, बाप तिला भेटायला जायचा तर स्टँडवर खाऊन घ्यायचा आणि पाण्याचा तांब्या बरोबर न्यायचा. मीसुद्धा माझ्या मुलीच्या घरी तीन वर्षं घोटभर चहा घेतला नाही. व्याही रुसले, विहिणीनं हात जोडले. नाही म्हणजे नाही. लेक दिली म्हणून तिच्या जिवावर जेवायला आलो नाही, एवढं समोरच्याला कळलं पाहिजे.

"आबा, तिकडे असलं काही नसतं," सतीश म्हणाला.

"तिकडे नसेल. मी तर आहे ना?"

वाटेवर

शनिवारी सकाळी मानसीला घेऊन सतीशच्या गाडीतून निघालो. सुनेची ड्युटी होती, तिनं मला बाजरीच्या चार भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा बांधून दिला. पाण्याची बाटली मी स्वतः भरून घेतली.

रस्ता एवढा सरळ की मला वाटलं, आखणाऱ्यानं पट्टी ठेवली आणि मग जेवायला निघून गेला. दोन्ही बाजूंनी मका. आपल्याकडच्या उसासारखा उंच, हिरवागार, आणि त्यात माणूस एक नाही. टोमॅटोच्या शेतांत मात्र दिसली माणसं, वाकून तोडणी करणारी. सतीश म्हणाला, ही मेक्सिको, जमैका इथून हंगामापुरती आणतात आणि परत पाठवतात. माझं कपाळ गाडीच्या काचेला लागून राहिलं. वाकलेली पाठ मला लांबूनही ओळखू येते.

मध्ये कॉफीच्या दुकानात थांबलो. सतीश म्हणाला, "आबा, वॉशरूमला जाऊन या, पुढे लवकर काही नाही." तिथल्या नळाला फिरवायची चावीच नव्हती. मी खूप शोधली. शेवटी मागून एक सरदारजी आला, त्यानं नुसता हात खाली धरला आणि पाणी आलं. "अंकलजी, हात दिखाओ, बस," म्हणाला. ब्रॅम्पटनचा ट्रक ड्रायव्हर होता. म्हटलं, आमच्याकडे हात दाखवला तर एसटी थांबते, पाणी येत नाही. तो एवढा हसला की त्यानं मला चहा पाजला. तो मी घेतला. त्याच्याशी आमची सोयरीक नव्हती.

चर्चच्या आवारात

गाव म्हणजे एक चौक, एक पांढरं लाकडी चर्च, एक जुनी शाळा आणि लांब लांब घरं. आवारात मोटारीच मोटारी. बायांनी डोक्यावर अशा टोप्या घातल्या होत्या की एकीवर पूर्ण मोर बसला असता. मार्कस पळत आला. उंच, दाढी राखलेला पोरगा. "नमस्कार आबा," म्हणून वाकून पाया पडला. मानसीनं शिकवलं असणार. पण वाकला तो नीट वाकला, गुडघ्याला हात लावून पळाला नाही.

हेझलबाई चर्चच्या पायरीपाशी खुर्चीवर बसल्या होत्या. बारीक, ताठ, हातात काठी. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मीही पाहिलं. मग त्या काहीतरी म्हणाल्या आणि मानसी हसली.

"काय म्हणते?"

"म्हणते, ही लुक्स स्टबर्न. हट्टी दिसतो."

"हट्टी? तिला सांग, मी अजून सुरुवात केलेली नाही."

मानसीनं सांगितलं. म्हातारी खुदकन हसली आणि काठी टेकत उठली. स्वतः मला चर्च दाखवायला घेऊन गेली. मानसी आमच्यामध्ये उभी राहून इकडचं तिकडे करत होती.

आत भिंतीवर जुन्या तसबिरी होत्या. एकीत रानात तंबू ठोकलेले आणि हजारो माणसं. मी विचारलं, ही जत्रा कसली? त्या म्हणाल्या, जत्राच, पण धर्माची. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत असं वारं सुटलं होतं. गावोगाव पाद्री हिंडायचे, रानात आठ आठ दिवस माणसं जमायची, रडायची, ओरडायची, पुढच्या बाकावर येऊन आपलं पाप बोलून दाखवायची. पाद्री सांगायचे, देव कुणालाही धुऊन स्वच्छ करतो, फक्त पाप आजच्या आज सोडा. मग त्यांतलेच काही म्हणू लागले, माणूस विकत घेऊन राबवणं हेही पापच. तर तेही आजच सोडा. हळूहळू नाही, मोबदला घेऊन नाही. आज.

मला हे पटलं. यार्डात आम्ही संघटना केली तेव्हा शेठ लोकही हेच म्हणायचे, हळूहळू बघू. मी विचारलं, "मग पत्रकं वाटली का? मोर्चे काढले का?"

हेझलबाई थांबल्या. "हा माणूस काय काम करायचा?" त्यांनी मानसीला विचारलं.

"हमाल. ओझी वाहायचा. अँड युनियन."

"ओ," म्हणाल्या आणि मला हाताला धरून बाकावर बसवलं. मग त्या खुलल्या. सांगितलं की बाया दारोदार फिरून सह्या गोळा करायच्या, आणि अमेरिकेच्या पार्लमेंटनं ठराव केला की हे अर्ज वाचायचेच नाहीत. छापखाने जाळले. सभांवर दगड पडले.

"आणि फूट?" मी म्हटलं. "फूट पडली का नाही?"

मानसीनं विचारल्यावर म्हातारी मांडीवर थाप मारून हसली. फूट पडली तर! एक गट म्हणे, या राज्यघटनेत गुलामीला जागा आहे, मत देणंसुद्धा पाप. दुसरा म्हणे, मत दिल्याशिवाय काही हलत नाही, आपला पक्ष काढा. बायांनी स्टेजवर बोलावं की नाही यावरून भांडले. चर्चंसुद्धा मोडली, उत्तरेची वेगळी, दक्षिणेची वेगळी. देव तोच, बायबल तेच.

म्हटलं, "अगदी आमच्यासारखं. आम्ही निवडणूक लढवायची का नाही यावरून इतके भांडलो की दोन सख्खे भाऊ पोत्यांच्या वेगळ्या थप्पीवर काम करायला लागले."

मग नवा कायदा आला, त्या म्हणाल्या. गुलामी नसलेल्या उत्तरेच्या गावांतूनही पळालेल्याला धरून नेता येईल, आणि जो त्याला लपवेल त्याला दंड. तेव्हा लोक नदी ओलांडून इकडे कॅनडात आले, इथं इंग्रजांनी गुलामी आधीच बंद केली होती. हेझलबाईंच्या आजीची आजी केंटकीहून आली. पायी, मग होडीतून.

मी विचारलं, "तिला कुणी आणलं?"

मानसीनं ते सांगताच म्हातारीचा चेहरा कडक झाला. काठी जमिनीवर आपटली. मानसी हळू म्हणाली, "आबा, म्हणते, नोबडी ब्रॉट हर. ती स्वतः आली. लोकांनी मदत केली, दरवाजे उघडले, गॉड ब्लेस देम. पण पाय तिचे होते."

मी मान डोलावली. अशी बाई मला आवडते. मनात म्हटलं, मानसी, घर बरं शोधलंस.

जेवण

आणि तासाभरात सगळं विस्कटलं.

चर्चमागं झाडाखाली लांब टेबलं मांडली होती. भाजलेली कणसं, तळलेली कोंबडी, पालेभाज्या, बटाट्याची थंड भाजी, पीच घालून भाजलेलं गोड. वास असा की पोट आपोआप पुढं सरकतं. हेझलबाईंनी माझ्यासाठी स्वतः ताट भरलं. एका हातात काठी, एका हातात ताट, कुणाला घेऊ देईनात. ते आणून माझ्यापुढं ठेवलं.

मी दोन्ही हात जोडले. "नाही."

सतीश एकदम पुढं झाला. इंग्रजीत काहीतरी बोलला. हेझलबाईंनी "ओह, यू पुअर मॅन" असं काहीसं म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ताट परत नेलं. मी सतीशला विचारलं, "काय सांगितलंस?"

"तुमचं पोट बिघडलंय म्हणून. आबा, आता प्लीज सीन करू नका."

"खोटं कशाला बोललास? खरी चाल सांगायची."

"ती सांगायला अर्धा तास लागला असता."

मला भूक लागली होती. मी टेबलाच्या टोकाला जाऊन माझा डबा सोडला. भाकरी मोडली, ठेचा घेतला. ठेचा झणझणीत झाला होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ला आणि माझ्या बाटलीतलं पाणी वरून प्यालो. मान खाली केली तर समोर हेझलबाई. माझ्या पोटासाठी आल्याचा चहा घेऊन आल्या होत्या.

त्यांनी डब्यातल्या मिरच्यांकडे पाहिलं. बाटलीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलल्या आणि चहाचा कप परत घेऊन गेल्या. चालताना पाठ अगदी सरळ.

मानसी पांढरीफटक पडली होती. "काय म्हणाली?" मी विचारलं.

"'आय नो दॅट स्टमक एक,'" ती म्हणाली. "म्हणजे, ही पोटदुखी मला माहीत आहे." आणि ती रडायला लागली.

बेसमेंटमध्ये

गावात लॉज नव्हतं. चर्चपासून जवळच एका घराचा बेसमेंट, म्हणजे तळघर, सतीशनं भाड्यानं घेतला होता. अंधार पडायच्या आधी मार्कस आला, पायरीवर बसला. तो जे बोलला ते मानसीनं मला सांगितलं.

हेझलबाई तरुण होत्या तेव्हाची गोष्ट. गुलामी जाऊन शंभराच्या वर वर्षं झालेली. शेजारच्या गावातल्या हॉटेलांत काळ्या माणसाला बसू देत, पण वाढत नसत. न्हावी केस कापत नसे. कोणी तोंडावर 'तू काळा' म्हणायचं नाही. आज दूध संपलंय. आज स्वयंपाकी आजारी आहे. आज उशीर झालाय. सरकारनं कायदा केला की असं करता येणार नाही, तरीही. तेव्हा हेझलबाई आपल्या वडिलांबरोबर त्या हॉटेलात जाऊन बसायच्या. नुसतं बसायचं. पुढ्यात कप येत नसे. आजूबाजूला लोक जेवत असायचे.

"हे तिनं मला सकाळी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

मार्कस म्हणाला, "पाहुण्यांना ती हे सांगत नाही."

मग मी त्यांना यार्डातली एक गोष्ट सांगितली. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत गाळ्यागाळ्यांवर हमालांना चहा मिळायचा, पण आमचे कप वेगळे. कान तुटलेले, मागच्या खिडकीत ठेवलेले. आपणच विसळायचे, आपणच ठेवायचे. एके दिवशी आम्ही सगळ्यांनी चहा सोडला. शेठ म्हणाले, घ्या रे, आम्ही म्हणायचो, नको, पित्त झालंय. सगळ्या यार्डाला एकदम पित्त. शेवटी कप एक झाले.

मार्कस हसला. मानसी हसली नाही. म्हणाली, "आबा, मग तुम्हाला तर माहीत होतं."

मला काय माहीत होतं? न खाणं हे मला कायम खालच्या माणसाचं हत्यार वाटत आलं. वरच्याला दाखवायचं, तुझ्यावाचून अडत नाही. ते मी एका ताट घेऊन आलेल्या म्हातारीवर चालवलं, हे त्या दिवशी दुपारी माझ्या डोक्यात कुठंच नव्हतं.

मार्कस उठताना म्हणाला की आजी उद्या चर्चमध्ये उभी राहणार नाही म्हणतेय. आणि मानसीकडे न बघता म्हणाला, आजीनं नाव घेतल्याशिवाय मी लग्न करू शकत नाही. करता येईल, पण करणार नाही. मानसी म्हणाली, "आय नो."

सतीश म्हणाला, "मी सकाळी जाऊन सॉरी म्हणतो, सगळं समजावून सांगतो."

"तू आज बोललास तेवढं पुरे," मी म्हटलं.

भाकऱ्या दोन उरल्या होत्या. मी खाल्ल्या नाहीत.

रविवार

सकाळी सगळे झोपलेले असताना मी सदरा घातला, टोपी घातली आणि निघालो. हेझलबाईंचं घर मार्कसनं आदल्या दिवशी दाखवलं होतं, मक्याच्या कडेला, निळ्या खिडक्यांचं. डबा नेला नाही, बाटली नेली नाही. माफी मागायला गेलो होतो असं कुणी समजू नये. मला माफी मागता येत नाही, या वयात शिकणारही नाही.

स्वयंपाकघरातून तळणाचा वास येत होता. मागं जाळीचं दार होतं, मी जन्मभर गोदामात मागनंच शिरलो, तसाच तिथं गेलो आणि दारावर टकटक केलं. हेझलबाई आतून आल्या. मी पोटावर हात ठेवला, मग हाताचा घास करून तोंडाकडे नेला. म्हटलं, "भूक." आणि मानसीचा शब्द आठवून म्हटलं, "हंग्री."

त्यांनी दार उघडलं नाही. जाळीतून माझ्याकडे बघत राहिल्या. मग मान हलवली, "नो," म्हणाल्या. मी परत फिरायला एक पाऊल मागं टाकलं. पण त्यांनी काठी उचलून घराच्या कोपऱ्याकडे दाखवली, मग गोल फिरवून पुढच्या बाजूला. "फ्रंट डोअर," म्हणाल्या. "नोबडी ईट्स अॅट माय बॅक डोअर." सगळं कळलं नाही, पण काठीचं बोलणं कळलं. या घरात मागच्या दारानं कुणी जेवत नाही.

मी घराला वळसा घालून पुढं गेलो. ओसरीच्या पायऱ्या चढलो. तोवर त्यांनी पुढचं दार सताड उघडलं होतं. मान झुकवून म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, सर."

मला टेबलाच्या मानाच्या खुर्चीवर बसवलं. अंडी, लोण्यात भाजलेल्या मऊ पुऱ्यांसारखं काहीतरी, पीचचा मुरंबा. त्या समोर बसल्या, हनुवटीखाली काठी धरून, आणि माझा प्रत्येक घास बघत राहिल्या. मीही त्यांना दाखवून खाल्लं. त्यांच्या नळाचं पाणी मागितलं, तेही प्यालो. माझ्या बापानं पाहिलं असतं तर जोडा काढला असता.

मग त्या म्हणाल्या, "मॅनसी." बोट चर्चच्या दिशेनं केलं, मग आपल्या ओठांना लावलं; म्हणजे तिथं नाव त्या घेणार होत्या. पुन्हा म्हणाल्या, "मॅनसी?"

"मानसी," मी म्हटलं. "मा. न. सी."

त्यांनी हळूहळू तीन-चार वेळा म्हणून पाहिलं, मी मान हलवेपर्यंत सोडलं नाही. मग भिंतीवरची मोठी टोपी काढून आरशापुढं डोक्यावर ठेवली आणि चर्चला जायला तयार झाल्या. मी बसून राहिलो. मला दोनच अंडी वाढली होती. मी ताट त्यांच्यापुढं केलं आणि तिसरं मागून घेतलं.